फणसाच्या गिटारचं झाकण: तीनदा केलेलं एक काम

हे झाकण ११८ मिमी लांब, सर्वांत रुंद जागी ७४ मिमी आणि ३.२ मिमी जाड आहे. आकार घेवड्याच्या बीसारखा. एवढासा तुकडा नीट बसायला चौदा महिने गेले आणि तो तीनदा करावा लागला. पहिल्या दोन्ही वेळी माझं मोजमाप बरोबर होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लाकडी झाकण बसलं नाही की आपण पहिली शंका व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनावर घेतो. मीही तेच केलं, आणि त्यात पुरता एक हंगाम वाया गेला.

काम कुठून आलं

वेंगुर्ल्याचा एक पोरगा नोव्हेंबर ते मे गोव्यातल्या हॉटेलांत गिटार वाजवतो. आरोंद्याच्या पुलावरून मोटरसायकलने जातो, रात्री उशिरा परत येतो. त्याच्या आजीचं जुनं घर उतरवलं तेव्हा माजघरावरची फणसाची तुळई त्याने मागून घेतली आणि तिच्यातून इलेक्ट्रिक गिटारचं अंग स्वतः कापलं. नेक तयार विकत आणली. बाकी सगळं त्याच्या हातचं: ४५ मिमी जाड अंग, दोन पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे), पीयू म्हणजे पॉलियुरेथेन लॅकरचे चार हात. मे महिन्यात तो ते अंग चादरीत गुंडाळून माझ्याकडे कुडाळला घेऊन आला. मी मूळचा दारं-खिडक्या करणारा सुतार. गेली काही वर्षं वाद्यांची लाकडी दुरुस्तीही करतो.

“काका, पाठीमागचा झाकण तेवढा तुम्ही करा. प्लास्टिकचा नको. ह्याच तुळईचा व्हयो.”

ज्यांनी इलेक्ट्रिक गिटार आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आवाज आणि टोन कमी-जास्त करणारे पॉट, पिकअप बदलायचा स्विच आणि जॅककडे (ॲम्पची वायर खुपसायच्या जागेकडे) जाणाऱ्या तारा अंगात कोरलेल्या एका पोकळीत बसतात. फेंडरच्या टेलिकास्टरमध्ये ही पोकळी पुढून कोरतात आणि तिच्यावर पत्र्याची पट्टी येते. गिब्सनने १९५२ मध्ये आणलेल्या लेस पॉलमध्ये पुढच्या बाजूला मेपलचा दर्शनी थर आहे. तो फोडायचा नाही, म्हणून पोकळी पाठीमागून कोरली आणि तिच्यावर प्लास्टिकचं झाकण आलं. पोकळीच्या कडेने एक पायरी काढतात. झाकण त्या पायरीवर टेकतं आणि त्याची पाठ अंगाच्या पाठीशी समपातळीत येते. प्लास्टिकला हवेतल्या ओलाव्याचं फारसं सोयरसुतक नसतं, शिवाय ते काळं असतं. त्यामुळे भोवती अर्धा मिलिमीटर फट राहिली तरी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पिवळ्याधमक फणसावर फणसाचंच झाकण ठेवलं की तीच अर्ध्या मिलिमीटरची फट काजळ घातल्यासारखी दिसते.

आकार उचलणं

पोराने पोकळी ट्रिमरने (हातात धरायच्या कोरणी यंत्राने) कोरली होती, पण त्यासाठीचा फर्मा, म्हणजे आकाराचा साचा, कुठे गेला ते त्याला आठवत नव्हतं. तो सापडला असता तरी मी वापरला नसता. कोरताना हात हलतो, नंतर घासताना कड झिजते, लॅकर चढलं की आत थोडं भरतं. झाकण बसवायचं असतं ते समोरच्या खोबणीत, कागदावरच्या आकारात नाही.

आधी पायरी तपासली. व्हर्नियरच्या खोलीच्या दांडीने बारा ठिकाणी मोजलं, तर कुठे ३.० तर कुठे ३.३ मिमी. अशा पायरीवर सपाट झाकणही डुगडुगतं, आणि दोष झाकणावर येतो. पायरीच्या रुंदीचा लाकडी ठोकळा घेतला, बुडाला १२० नंबरचा काचपेपर चिकटवला आणि पायरी सगळीकडे ३.३ मिमीवर आणली. कोपऱ्यांत ठोकळा पोचत नव्हता, तिथे अरुंद पटाशी चालवली.

नंतर आकार. कागद ठेवून पेन्सिल घासायची पद्धत बरेच जण वापरतात आणि चालचलाऊ कामाला ती ठीक आहे. पण काचपेपरने खोबणीची वरची कड किंचित गोल झालेली असते आणि पेन्सिल त्या गोलाईची बाहेरची कड दाखवते. उठलेला आकार खऱ्या भिंतीपेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर मोठा येतो. मग झाकण घासत घासत बसवावं लागतं आणि शेवटी एका बाजूला फट ठरलेली.

मी खोबणीचा साचाच काढतो. पायरीवर आणि भिंतीवर पारदर्शक चिकटपट्टी लावायची, सुरकुती न पडता. पट्टीवर मेणाचा हलका हात फिरवायचा. साइनबोर्डवाल्याकडून आणलेल्या ३ मिमी ॲक्रिलिकचा तुकडा खोबणीपेक्षा सगळीकडून तीनेक मिलिमीटर लहान कापून पायरीवर ठेवायचा. त्याच्या कडा आधी खरखरीत करून घ्यायच्या. राहिलेल्या चरात गाडीच्या डेंटिंगवाल्याकडची दोन भागांची पुट्टी दाबून भरायची आणि वरून सपाट करायची. पंधरा-वीस मिनिटांत ती कडक होते. मग ॲक्रिलिकला मध्ये आधीच पाडलेल्या भोकांत दोन स्क्रू अडकवून सरळ वर उचलायचं. हातात येतो तो त्या खोबणीचा अचूक फर्मा, पोराचा हात जिथे हलला होता त्या खळग्यासकट. चिकटपट्टीच्या जाडीमुळे तो प्रत्येक बाजूला सुमारे ०.०५ मिमी लहान येतो. तेवढी मोकळीक मुळातच हवी असते.

फर्मा ॲक्रिलिकचा केला याचा उपयोग मला नंतर कळला. प्लायचा किंवा एमडीएफचा असता तर पावसाळ्यात त्याच्या मापावरही भरवसा ठेवता आला नसता. तिन्ही झाकणं त्याच एका फर्म्यावर झाली.

पहिलं झाकण

तुळईचा अंगाला लागून निघालेला एक तुकडा पोराने जपून ठेवला होता. त्यातून ३.२ मिमीची फळी काढली. जुन्या एक्स-रे फिल्मवर झाकणाचा आकार कापून ती खिडकी फळीवर सरकवत राहिलो, अंगावरच्या रेषांशी जुळणारी जागा सापडेपर्यंत. फर्मा दुहेरी टेपने चिकटवला, बाहेरचं लाकूड करवतीने एक मिलिमीटर ठेवून उडवलं आणि ट्रिमरला फर्म्याच्या कडेने फिरणारं बेअरिंगचं बिट लावून फर्म्याबरोबर केलं. कडेला दोन अंशांचा आतला उतार दिला, म्हणजे वरची कड भिंतीला भिडते आणि खालची मोकळी राहते. हा उतार जास्त देऊ नये. पुढे कधी पाठ घासायची वेळ आली तर घासाल तसं झाकण लहान होत जातं.

बुलेटच्या मेकॅनिककडचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, मागून आणलं होतं. भोवती सगळीकडे ०.१ मिमीची पाती जेमतेम जायची. आतल्या अंगाला बाहेरच्या विजेची गुणगुण अडवायला तांब्याची चिकट पट्टी पूर्ण पसरून लावली, बाहेरून तेलाचे दोन हात दिले, आणि चार पितळी स्क्रू काउंटरसिंक करून, म्हणजे डोकी शंकूसारख्या खड्ड्यात बुडवून, घट्ट आवळले. मेच्या शेवटी पोराने अंगठ्याने झाकण दाबून पाहिलं. ते टक् करून बसलं.

“सुई जावची नाय, काका.”

माझंही समाधान झालं होतं. मनात एक पक्की समजूत होती, की ही तुळई पिढ्यानपिढ्या छपराखाली वाळलेली आहे, आता ती हलणार नाही. आमच्या धंद्यात ही समजूत सगळीकडे आहे. जुनं लाकूड म्हणजे मेलेलं लाकूड, असं म्हणतात.

आषाढ

जुलैच्या मध्यावर त्याचा फोन आला. गिटार मुकी झाली होती. जॅकचं सोल्डर सुटलेलं असणार हे त्याला कळत होतं, दुरुस्ती दोन मिनिटांची होती, पण झाकण निघेना. स्क्रू काढले तरी जागचं हलेना, उलट मध्ये पोट आलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सावंतवाडीला लग्न होतं. त्याने स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं आणि खोबणीच्या कडेची चार मिलिमीटरची ढलपी लॅकरसकट उडाली.

ती ढलपी हरवलेल्या कडेचं मला आजही वाईट वाटतं. तिथे मी रेषा जुळवून फणसाचा कपचा बसवला, पण पोराच्या हातच्या अंगाला माझ्या कामामुळे इजा झाली ही गोष्ट तेवढ्याने मिटली नाही.

झाकण मोजलं. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, म्हणजे ११८ मिमीच्या लांबीत, जवळपास काहीच फरक नव्हता. रेषेला आडवं मात्र ते अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढलं होतं. मी म्हटलं, मेमध्ये घट्टच केलं होतं, आता नीट करू. त्याच फर्म्यावर, त्याच फळीतून नवं झाकण केलं आणि भोवती ०.१५ मिमी मोकळीक ठेवली. अगदी छान बसलं.

जानेवारीत तो परत आला. झाकण सैल. दोन्ही बाजूंना ०.४ मिमीची पाती आरामात जायची, आणि जाड तार छेडली की झाकण स्क्रूच्या आसपास खडखडायचं. हॉटेलच्या एसी हॉलमध्ये तास-दोन तास वाजवलं की खडखड वाढते, असंही त्याच्या लक्षात आलं होतं.

एकच फर्मा, एकच लाकूड, एकच हात. मेमध्ये केलेलं जुलैत अडकलं, जुलैत केलेलं जानेवारीत हललं. मोजमाप दोन्ही वेळी बरोबर होतं, पण ते त्या दिवसापुरतं.

शोध

दुसरं झाकण देताना, जुलैअखेर, मी एक गोष्ट केली होती. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणारे एक स्नेही आहेत. त्यांना मी भाऊ म्हणतो. ते म्हणाले, नुसता तर्क लढवण्यापेक्षा त्याच तुळईच्या पट्ट्या टांगून ठेव आणि बघत रहा. म्हणून रेषेला आडव्या, १०० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड अशा तीन पट्ट्या खिडकीशी टांगल्या. पहिली झाकणासारखी, म्हणजे टोकाकडून पाहिलं तर वाढवलयं आडवी पसरलेली दिसतात अशी चिरलेली. दुसरीत वलयं उभी. तिसरी पहिलीसारखीच, पण सहाही बाजूंनी लॅकर दिलेली. दर पंधरवड्याला मोजायचं आणि वहीत टिपायचं.

जानेवारीत पहिली पट्टी ९९.१ मिमीवर आली होती. दुसरी ९९.५ वर. तिसरीची गंमत वेगळी होती: ऑक्टोबरच्या शेवटी पहिली ९९.५ वर उतरली तेव्हा लॅकरवाली अजून ९९.९ वर होती, आणि जानेवारीत तीही ९९.३ पर्यंत आलीच. लॅकर ओलावा थांबवत नाही, त्याचा वेग कमी करतं.

यामागचं गणित कुठल्याही लाकडाला लागू आहे. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी स्थिरावतं. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ते २० टक्क्यांच्या जवळ जातं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर हवा जवळजवळ तशीच असते, आणि एसी हॉलमध्ये ती निम्म्यावर येते. पाणी लाकडाच्या पेशींच्या भिंतींत शिरतं आणि भिंती जाड होतात. तंतू लांबीला बांधलेले, म्हणून रेषेच्या दिशेने वाढ नगण्य. वलयांना समांतर दिशेने ती सर्वांत जास्त आणि वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने तिच्या साधारण निम्मी. लाकूड किती जुनं आहे याने यात फारसा फरक पडत नाही. पेशींच्या भिंती जागेवर आहेत तोवर जुनी तुळईही पाणी पिते आणि सोडते.

एवढं कळूनही एक गाठ सुटत नव्हती. गिटारचं अंगही त्याच तुळईचं, रेषा त्याच दिशेला. लाकडात कोरलेलं भोक लाकडाबरोबरच वाढतं. झाकण फुगलं तसं भोकही फुगायला हवं होतं आणि दोघांमधली फट जशीच्या तशी राहायला हवी होती. पण पोकळी जुलैत ७४.० मिमी होती आणि जानेवारीत ७३.९. जेमतेम हलली.

त्या सुमारास पोराबरोबर त्याची आजी कुडाळच्या दवाखान्यात आली होती. परत जाताना माझ्याकडे टेकली. टेबलावर झाकण आणि तिच्या घराची तुळई बघून तिने काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

“माजघराचा दार दर पावसात फुगायचा,” ती म्हणाली. “लाथ मारल्याशिवाय उघडत नसा. तुळई मात्र कधी फुगाक नाय. तुजा झाकण म्हणजे दारच मा, झिला?”

तुळई फुगत नव्हती असं नाही. ती इतकी जाड, की ओलावा गाभ्यापर्यंत पोचेपर्यंत पावसाळा सरायचा. दाराची फळी पातळ, ती आठवड्या-दोन आठवड्यांत भिजायची. इथेही तेच: ४५ मिमीचं, चारी बाजूंनी लॅकर प्यायलेलं अंग पावसाळ्याची बातमी सावकाश ऐकतं, आणि ३ मिमीचं तेल लावलेलं झाकण लगेच ऐकतं. लाकूड एकच, पण दोघांच्या ऋतूंत महिन्या-दीड महिन्याचं अंतर. फट बदलते ती या अंतरामुळे. माझी सारी आयुष्यभराची दारं डोळ्यांसमोरून गेली. दाराला पावसाळ्याची सूट ठेवायची हे मी पहिल्या वर्षी शिकलो होतो, आणि गिटारच्या झाकणाला ती लावायचं सुचलं नव्हतं.

झाकणाला पोट का आलं, याचंही उत्तर मग मिळालं. आतल्या अंगाला तांब्याची पट्टी पूर्ण पसरलेली. तिच्यातून ओलावा जात नाही. बाहेरच्या अंगाला नुसतं तेल. बाहेरचा थर पाणी पिऊन पसरला, आतला राहिला, आणि झाकण बाहेरच्या बाजूला फुगलं. काउंटरसिंक केलेल्या स्क्रूंनी कोपरे घट्ट धरले होते, त्यामुळे त्याला सरकायलाही जागा नव्हती. एका बाजूने लॅमिनेट लावलेली फळी वाकते हे प्रत्येक सुताराला ठाऊक असतं. तांब्याची पट्टी लावताना मी ती लाकूडकामाची गोष्ट धरलीच नव्हती, विजेची धरली होती.

तिसरं झाकण

उभ्या वलयांची फळी वापरली असती तर हालचाल जवळपास निम्मी झाली असती. पण पोराच्या अंगावर वलयांच्या लाटा आहेत आणि उभ्या वलयांच्या फळीवर नुसत्या सरळ रेघा असतात. शेजारी ठेवून पाहिलं, जुळेना. ज्यांच्या गिटारचं अंग सरळ रेघांचं आहे त्यांनी तोच सोपा मार्ग घ्यावा.

मी झाकण तीन थरांचं केलं. वर आणि खाली त्याच तुळईच्या १.३ मिमीच्या पत्र्या, अंगाच्या रेषांना समांतर. मध्ये ०.६ मिमीचं सागाचं व्हिनियर, रेषा काटकोनात. लाकूड लांबीला वाढत नाही, म्हणून मधला थर वरखालच्या दोघांना आडवं पसरू देत नाही. दोन्ही बाहेरचे थर एकाच फळीतून आणि एकाच जाडीचे असणं फार महत्त्वाचं आहे. एक जाड, एक पातळ झाला की झाकण वाकलंच. पत्र्या बँडसॉवर अडीच मिलिमीटरला चिरल्या आणि काचेवर चिकटवलेल्या काचपेपरवर हाताने घासून १.३ वर आणल्या. हे घासकाम पूर्ण एक दिवस खातं. पाण्याचा गोंद लावला असता तर एवढी पातळ पत्री चिकटवतानाच वाकली असती, म्हणून एपॉक्सी वापरली आणि दोन सपाट फळ्यांमध्ये, आतून प्लास्टिक टाकून, रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवली.

फर्मा तोच. ट्रिमरने त्याच्याबरोबर केल्यावर रेषेला आडव्या दोन्ही बाजू बारीक कानशीने काढल्या. तिथे ०.२ मिमी फट ठेवली आणि टोकांना ०.१. हे फेब्रुवारीत झालं, लाकूड जवळपास सर्वांत आक्रसलेलं असतं तेव्हा. प्लायसारखं स्थिर झाकण केलं की हिशोब उलटतो, हेही लक्षात ठेवावं लागतं: आता झाकण थोडं हलणार आणि अंग सावकाश का होईना हलणार. कोरड्या दिवसांत भोक आक्रसून झाकणाला दाबू शकतं. म्हणून स्थिर झाकणालाही मोकळीक लागतेच, फक्त कमी.

सहाही बाजूंना, स्क्रूच्या भोकांच्या आतूनसुद्धा, चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन पातळ हात दिले आणि त्यावर अंगावर आहे तेच लॅकर, आत-बाहेर सारखे हात. तांब्याची पट्टी त्यानंतर. आता ती बंद केलेल्या लाकडावर बसते, त्यामुळे एका बाजूचा ओलावा अडवण्याचं काम तिच्याकडे राहत नाही. पट्टीची एक जीभ पायरीवर नेली आणि पोकळीतल्या तांब्याला टेकवली. ती जोडणी नसेल तर झाकणावरच्या तांब्याचा उपयोग नाही, ते नुसतंच लटकतं. पट्टी आणि तिचा गोंद मिळून सात-आठ शतांश मिलिमीटर जाडी होते. जीभ टेकते तिथे पायरी तेवढी खरवडली, नाहीतर झाकण त्या कोपऱ्यात वर राहतं.

स्क्रूच्या भोकांना आडव्या दिशेने लांबट केलं आणि काउंटरसिंक सोडून सपाट बुडाचे पितळी स्क्रू घेतले, डोकं बुडेल एवढा वाटोळा खड्डा करून. काउंटरसिंकचा शंकू झाकणाला एकाच जागी ओढून धरतो. पोराने चुंबकांचं सुचवलं होतं. निकेलचा मुलामा दिलेली निओडिमियम चुंबकं खाऱ्या हवेत मुलामा फुटला की आतून गंजून भुगा होतात, म्हणून मी नको म्हटलं. एका टोकाला नखाची उथळ खाच मात्र ठेवली. स्क्रू ड्रायव्हर पुन्हा तिथे जाऊ नये यासाठी.

रंगाचा प्रश्न उरला होता. ताजा फणस पिवळा असतो आणि उजेडात हळूहळू तपकिरी होत जातो. अंग दहा महिने उजेडात होतं, झाकणाची पत्री फळीच्या पोटातून नुकती निघालेली. लॅकर देण्याआधी झाकण पाच दिवस गच्चीवर उन्हात ठेवलं, सकाळी दोन तास, उलटसुलट करत. एक तुकडा अर्धा झाकून शेजारी ठेवला होता, म्हणजे किती चढलंय ते दिसत राहील. जास्त वेळ ठेवलं असतं तर पातळ पत्री तापून तडकण्याचा धोका होता.

आजची स्थिती

यंदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः वेंगुर्ल्याला गेलो. सलग आठ दिवस पाऊस लागला होता, त्यांच्या ओटीवरच्या भिंतींना पाणी सुटलं होतं. गिटार भिंतीला टांगलेली. स्क्रू काढले, खाचेत नख घातलं आणि झाकण एका हाताने वर आलं. परत ठेवून फीलर गेज लावलं. आडव्या बाजूंना ०.१५ ची पाती जायची, ०.२ ची अडकायची. टोकांना ०.१. सरळ पट्टी आडवी ठेवून पाहिली, मध्ये पोट नव्हतं. पोराने ॲम्प लावून जाड तार मोकळी छेडली आणि आम्ही दोघांनी झाकणावर कान ठेवला. काही वाजत नव्हतं.

रंग अजून पूर्ण जुळलेला नाही. खिडकीकडून तिरकं पाहिलं तर झाकण अंगाहून एक छटा उजळ दिसतं, आणि बसवलेला कपचा दोघांहूनही गडद. गिटार उलटी टांगायची, पाठ उजेडाकडे करून, असं ठरलं आहे.

आता तो तुळईच्या उरलेल्या भागातून दुसरी गिटार करतोय. या वेळी पोकळी कोरायच्या आधीच त्याने अंगाच्या पाठीवरून, पोकळी येणार त्याच जागेवरून, ४ मिमीची फळी चिरून वेगळी काढली आणि तिच्यावर पेन्सिलने बाण काढून माझ्याकडे पाठवली आहे. ती पट्ट्यांशेजारी टांगलेली आहे. पाऊस संपेपर्यंत मी तिला हात लावणार नाही.